फायली नंतर बघा, आधी खाटेजवळ या

मा. अध्यक्ष,
भारतीय नर्सिंग कौन्सिल, नवी दिल्ली



सुरत जिल्ह्यातल्या कामरेज परिसरात मी नर्सिंग शिकवते. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या पत्त्यावर टपालाने रवाना केली आहे. इथे ते मराठीत छापायला देते आहे, कारण माझ्या वर्गात गुजराती मुलींच्या जोडीला नवापूर, साक्री, शहादा भागांतल्या मुली आहेत, सुरतेच्या लिंबायत-उधन्यात दोन पिढ्या काढलेल्या खानदेशी घरांतल्या मुली आहेत. त्यांच्या शिक्षणासाठी कर्ज काढणाऱ्या आईवडिलांनाही हे वाचता यायला हवं.

२०२३ साली संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा मंजूर केला. १९४७ च्या कायद्यावर उभ्या असलेल्या आपल्या कौन्सिलचं काम या आयोगाकडे जायचं आहे. कारभार बदलतो तेव्हा नियम नव्याने लिहिले जातात. माझं म्हणणं त्या नियमांबद्दल आहे.

आपल्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच ‘तत्त्वज्ञान’ हा भाग येतो. प्रत्येक महाविद्यालयाच्या कोर्स फाइलमध्येही तसं एक पान असतं आणि शिक्षकाच्या मुलाखतीत ‘तुमची टीचिंग फिलॉसॉफी काय?’ हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर एका वाक्यात आहे. विद्यार्थिनीने जे करावं अशी माझी अपेक्षा आहे, ते मी तिच्यासमोर, खऱ्या रुग्णावर, माझ्या हाताने केलेलं असलं पाहिजे. वर्गातल्या पुतळ्यावर नव्हे, प्रोजेक्टरच्या पडद्यावर नव्हे, वॉर्डात, खाटेजवळ. बाकी सगळं मी यातूनच शिकले आणि यातूनच शिकवते.

हे का म्हणते ते एका अगदी साध्या गोष्टीवरून सांगते. कोणत्याही वॉर्डातले टीपीआर (तापमान, नाडी, श्वास) चार्ट घ्या आणि श्वासाचा रकाना वाचा. वीस, वीस, अठरा, वीस. दम्याच्या आजोबांचे वीस, अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर वेदनेने कळवळणाऱ्या मुलाचेही वीस. तापमान थर्मामीटर सांगतो, नाडी यंत्र सांगतं, श्वास मात्र माणसाला एक पूर्ण मिनिट उभं राहून मोजावा लागतो, आणि ते मिनिट कुणाकडे नसतं. खरं तर तब्येत ढासळायला लागली की बऱ्याचदा श्वासाची गतीच आधी बदलते. रक्तदाब पुष्कळ उशिरापर्यंत तग धरून राहतो. म्हणजे सगळ्यात लवकर धोका सांगणारा आकडा आपण सगळ्यात बेफिकीरपणे लिहितो.

श्वास मोजायची रीत अशी. नाडी मोजून झाली तरी रुग्णाचं मनगट सोडायचं नाही. बोटं तशीच ठेवायची आणि नजर हळूच छातीवर न्यायची. श्वास मोजतोय असं सांगितलं की माणूस तो वेगळा घ्यायला लागतो. साठ सेकंद मोजायचं, खोल आहे की उथळ, मानेचे स्नायू ओढले जातात का, एक वाक्य बोलताना मध्ये थांबावं लागतं का, हे पाहायचं आणि मग लिहायचं. ही रीत पुस्तकात तीन ओळींत आहे. पण मुलीने ती पाहिलेली नसेल, सगळ्या चार्टवर वीसच दिसत असेल, तर ती दुसऱ्या आठवड्यापासून वीस लिहायला लागते. आळशी असते म्हणून नाही. इथे असंच लिहितात, हे ती शिकलेली असते. न पाहिलेलं लिहायला एकदा हात सरावला की पुढे न दिलेलं औषध दिलं म्हणून लिहायला किती वेळ लागतो? म्हणून पहिल्या सेमिस्टरच्या मुलींना मी एकच नियम घालते: केलं नसेल तर रकाना कोरा सोडा. कोरा रकाना बघून मी रागावणार नाही. आणि हा नियम टिकवायचा तर त्या वॉर्डात मला त्यांच्यासोबत उभं राहावं लागतं. दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

आता दाबाच्या जखमांचं बघा, ज्यांना आपण सगळे बेडसोर म्हणतो. आमची पुस्तकं सांगतात की पहिली खूण म्हणजे त्वचेवरचा लालसरपणा. बोटाने दाबून पाहा, पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर ठीक, लालच राहिलं तर सावध व्हा. सोबत चित्र असतं ते गोऱ्या माणसाच्या पाठीचं. आमच्या वॉर्डातली माणसं कोण? ऊसतोडीचे मजूर, वीटभट्टीवरचे, लूमवर काम करणारे ओडिया कामगार, हायवेवर गाडी उलटून आलेला झारखंडचा ड्रायव्हर. सावळ्या आणि काळ्या कातडीवर तो लालसरपणा दिसतच नाही. तिथे हात लावूनच कळतं. माकडहाडाच्या जागी आणि शेजारच्या त्वचेवर हाताची मागची बाजू ठेवायची. एक जागा जास्त गरम लागते का, कडक लागते का, की उलट पिठासारखी मऊ झाली आहे, हे ताडायचं. रंग लाल नसला तरी आजूबाजूपेक्षा गडद, जांभळट दिसतो का ते तिरप्या उजेडात पाहायचं. रुग्णाला विचारायचं, इथे ठणकतं का? टाचा उचलून पाहायच्या, डोक्याची मागची बाजू चाचपायची. ही विद्या चित्रातून येत नाही. मी माझा हात ठेवते, मग तिचा हात त्याच जागी ठेवायला लावते आणि विचारते, काय लागलं? पहिल्यांदा कुणालाच काही कळत नाही. पाचव्या-सहाव्या रुग्णाला एखादी म्हणते, “मॅडम, इथे गरम आहे.” ती मुलगी त्या क्षणी जे शिकते ते कोणत्याही लेखी परीक्षेत विचारता येणार नाही.

हात लावण्याआधी बोलायचं, हेही तिथेच शिकायचं. “मासी, जरा पडखुं फेरवीए?” असं म्हणून, उत्तर येईपर्यंत थांबून मगच कूस बदलायची. बेशुद्ध माणसालाही सांगायचं. पडदा ओढायचा. चादरीवरून खेचायचं नाही, दोघींनी मिळून उचलायचं, कारण खेचताना आतली त्वचा फाटते. मी हे सगळं दर वेळी मोठ्याने बोलत करते. मुली माझे शब्द, माझा सूर, माझी घाईसुद्धा उचलतात, म्हणून त्यांच्यादेखत मी घाई करत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबागांबद्दल मी दर वर्षी एक पूर्ण तास बोलते. त्या स्वतः तिथल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी मागितलेल्या इच्छामरणाच्या प्रसिद्ध खटल्याचा निकाल दिला तेव्हा वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती कायद्याची. नर्सिंग शिक्षिका म्हणून मला त्या प्रकरणातली वेगळीच गोष्ट थक्क करते. एवढी वर्षं पडून असलेल्या त्या देहावर बेडसोर नव्हते. रोज, दर काही तासांनी कूस बदलणं, पुसणं, कोरडं करणं, भरवणं, आणि हे १९७३ मध्ये ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा परिचारिकांपर्यंत पोहोचवणं. कोणत्या अभ्यासक्रमाने हे घडवलं? एका तुकडीने दुसऱ्या तुकडीला खाटेजवळ उभं राहून दाखवलं म्हणून ते घडलं. न्यायालयानेही त्या परिचारिकांचं मनापासून कौतुक केलं. भारतीय नर्सिंग शिक्षणाचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही, आणि तो कुठल्याही प्रयोगशाळेत तयार झालेला नाही.

अमेरिकेतल्या पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिक्या परिचारिकेपासून जाणत्या परिचारिकेपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. आमच्या सगळ्या वर्गांत त्या पाठ करून घेतल्या जातात. पण बेनर यांनी त्या मांडल्या कशा, हे सहसा कुणी सांगत नाही. त्यांनी कामावरच्या परिचारिकांना त्यांच्या रुग्णांच्या हकिकती सांगायला लावल्या, त्या नीट ऐकल्या आणि जाणतेपण कुठे दिसतं ते त्यांतून शोधलं. मीही ड्यूटी संपताना दहा मिनिटं मुलींना घेऊन बसते आणि एकच विचारते, आज काय दिसलं? निदान नको, पुस्तकातलं वाक्य नको. जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगा. “काकांनी आज डबा उघडलाच नाही,” असं कुणी म्हणाली की तिथून धडा सुरू होतो.

आता आपल्याकडे येते. आपली तपासणी आमच्याकडे येते तेव्हा काय मोजलं जातं? प्रयोगशाळांचं क्षेत्रफळ, ग्रंथालयातली पुस्तकं, बसची कागदपत्रं, हजेरीपट, प्रोसिजर बुक, केस स्टडी, ड्रग फाइल, क्युम्युलेटिव्ह रेकॉर्ड. या गोष्टी लागतात, मी नाही म्हणत नाही. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, हा आपला नियमही योग्यच आहे. पण तो शिक्षक सकाळी आठ ते दुपारी एक कुठे उभा होता, हे कुठल्या रकान्यात भरायचं? तो रकानाच नाही. मग व्हायचं तेच होतं. तपासणी जवळ आली की शिक्षिका महिनाभर फायली लावत बसतात आणि मुली वॉर्डात एकट्या. तिथल्या स्टाफ सिस्टरला तीस-चाळीस रुग्ण असतात, ती कुणाकुणाला शिकवणार? ती मुलींना सांगते, बीपी घ्या, सॅम्पल देऊन या. मुलगी धावपळ शिकते, परिचर्या शिकत नाही. रात्री होस्टेलवर बसून दुसरीच्या वहीतून केअर प्लॅन उतरवते, कारण अमुक इतके केअर प्लॅन भरलेच पाहिजेत.

मध्य प्रदेशात काय झालं ते आपल्याला ठाऊक आहेच. उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथल्या नर्सिंग महाविद्यालयांची सीबीआयने तपासणी केली आणि २०२४ मध्ये त्या तपासणी पथकातल्याच माणसांना लाचेच्या आरोपाखाली अटक झाली. कागद तपासून शिक्षण तपासता येतं असं मानलं की कागद विकत मिळायला लागतात. आणखी कडक कागद मागवून यावर इलाज होणार नाही.

इलाज आपल्याच देशात आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नर्सिंगचे शिक्षक वॉर्डाचीही जबाबदारी सांभाळतात. शिकवणं आणि रुग्णसेवा तिथे दोन वेगळी खाती नाहीत. १९४६ मध्ये देशातले बी.एस्सी. नर्सिंगचे पहिले अभ्यासक्रम जिथे सुरू झाले, त्या दोन ठिकाणांपैकी ते एक. तिथून बाहेर पडलेल्या परिचारिकेचं नाव ऐकलं की कोणतंही रुग्णालय तिला आनंदाने ठेवून घेतं. आमच्या भागातल्या शिक्षिकेला मात्र एकदा ‘ट्यूटर’ झालं की युनिफॉर्म सुटतो. ॲप्रन घालून खाटेशी उभं राहणं म्हणजे मागे जाणं, असं तिला घरीदारी सगळे सांगतात. पदोन्नती शोधनिबंधांवर मिळते. पाच वर्षांत तिचे स्वतःचे हात विसरायला लागतात, आणि मग ती वॉर्डात जायलाच कचरते. तिचा दोष नाही हा. आपण तिला ज्या गोष्टीचे गुण देतो ती गोष्ट ती करते.

कामरेजचं म्हणून एक खास सांगायचं आहे. हा तापीकाठचा ऊसपट्टा. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि डांग, नंदुरबार, धुळ्याकडून तोडणीच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. बार्डोली, कामरेज, पलसाणा, सगळीकडे रस्त्याकडेला त्यांचे पडाव पडतात. प्लास्टिक आणि उसाच्या पाचटाची झोपडी, उंची कमरेएवढी. खानदेशातून या भागात ऊस तोडायला येणाऱ्या या माणसांवर डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून लिहिलं आहे. आमच्या मुली कम्युनिटी पोस्टिंगला जातात त्या गावात. पडाव गावाच्या यादीत नसतो, आणि बायका पहाटेच फडात गेलेल्या असतात. तपासणी-लसीकरणाच्या ममता दिवसाला अंगणवाडीत येणं म्हणजे दिवसाची मजुरी सोडणं.

म्हणून आम्ही पडावावर संध्याकाळी जातो. चार्ट पेपर नेत नाही. उचल आधीच घेतलेली, वर धान्याचा हिशेब मुकादमाकडे. त्या बाईला हिरव्या पालेभाज्यांचं चित्र दाखवून काय उपयोग? एकदा सहा-सात महिन्यांची गरोदर बाई होती. गुजराती प्रश्नांना नुसती मान हलवायची. माझी साक्रीकडची विद्यार्थिनी तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि अहिराणीत म्हणाली, “काय दुखस तुले?” मग अर्धा तास ती बाई बोलत होती. लोहाच्या गोळ्या गावाकडे मिळाल्या होत्या, कार्डासकट घरीच राहिल्या. घेतल्या की पोट बिघडायचं, फडात आडोसा नाही, म्हणून बंद केल्या होत्या. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे एकशे ऐंशी गोळ्या, हे त्या मुलीला पाठ होतं. त्या का घेतल्या जात नाहीत, हे तिला त्या दिवशी कळलं. रात्री जेवणानंतर घ्या, काळं शौच झालं तर घाबरू नका, असं तिने सांगितलं, इथल्या उपकेंद्रातून गोळ्या मिळवून दिल्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन विचारलं. तिच्या अहवालात मी सगळ्यात जास्त गुण दिले ते त्या दुसऱ्या भेटीला.

या भागातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलही पुष्कळ आहे. २०२३ च्या जुलैत राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तपासण्या होतात, रंगीत कार्डं मिळतात. ते कार्ड हातात घेऊन एखादा मुलगा “म्हणजे काय हो ताई?” असं विचारतो तेव्हा त्याला त्याच्या बोलीत सांगणारं कुणी हवं. माझ्या वर्गात डांगची, नवापूरची, व्याऱ्याची मुलगी बसलेली आहे आणि आम्ही तिला पहिल्या दिवसापासून सांगतो, इंग्रजी सुधार. इंग्रजी लागतं, औषधांची पाकिटं इंग्रजीत आहेत, मी स्वतः ते कसून शिकवते. पण रुग्णाच्या भाषेत प्रश्न विचारून त्याचं उत्तर समजून घेणं, हे कौशल्य आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेत स्वतंत्र गुण देऊन तपासलं गेलं, तर ज्या मुलीला आज आपण मागची म्हणतो ती पुढे येईल.

मुलींना मी १९९४ च्या प्लेगाबद्दलही सांगते. त्या तेव्हा जन्मल्या नव्हत्या. ऑगस्टअखेर बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा. काही दिवसांत लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले, खासगी दवाखान्यांना कुलपं लागली, आणि न्यू सिव्हिल रुग्णालयाच्या वॉर्डांत रुग्ण येत राहिले. तिथे कुणीतरी ड्यूटीवर होतं. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरला मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात आणलं, आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. शाळा काढणारी बाई म्हणून आपण त्यांना ओळखतो. मला त्या माझ्या दोन्ही कामांच्या वाटतात, शिकवण्याच्या आणि शुश्रूषेच्या.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक नर्सिंग शिक्षकाने आठवड्यातले ठरावीक तास रुग्णाची प्रत्यक्ष सेवा विद्यार्थ्यांसमोर करावी, ते तास रुग्णालयाच्या सिस्टर इन्चार्जच्या सहीने नोंदले जावेत, आणि मान्यतेसाठी व पदोन्नतीसाठी तेच सगळ्यात आधी पाहिले जावेत. केअर प्लॅनची संख्या निम्म्यावर आणा. एकाच रुग्णाला दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत सांभाळलं, हे एक काम दहा उताऱ्यांपेक्षा मोठं धरा. कम्युनिटी पोस्टिंगमध्ये स्थलांतरितांच्या वस्त्या सक्तीच्या करा, आणि त्यांच्या कामाच्या वेळा बघून पोस्टिंगच्या वेळा ठरवायची मुभा महाविद्यालयांना द्या.

तपासणी पथक पुढच्या वेळी जानेवारीत पाठवा, हंगाम भरात असतो तेव्हा. सकाळी आठला थेट वॉर्डात या आणि कोणत्याही मुलीला तिच्या रुग्णाबद्दल विचारा. नंतर शिक्षिकेला म्हणा, या आजींची कूस बदलून दाखवा. संध्याकाळी पाचनंतर वेळ ठेवलात तर पडावावर मी घेऊन जाईन. रस्ता कच्चा आहे, गाडी शेवटपर्यंत जात नाही, थोडं चालावं लागेल.

आपली,
कामरेज परिसरातील एक नर्सिंग शिक्षिका